ॲरे होऊ न शकलेली यादी

वेबपानावरचे सगळे परिच्छेद एकदम मागवले की ब्राऊजर आपल्या हातात एक यादी ठेवतो. यादीला लांबी असते. पहिला परिच्छेद शून्य क्रमांकावर, दुसरा एक क्रमांकावर, असे सगळे ओळीने बसलेले. जावास्क्रिप्ट शिकणारा कुणीही म्हणेल, हा तर ॲरे आहे. मग तो सवयीने त्यावर ‘मॅप’ चालवायला जातो आणि ब्राऊजर फटकारतो, अशी कुठलीही मेथड इथे नाही.

शिकवणारे सांगतात, ही नोडलिस्ट आहे, आधी ॲरे करून घे. विद्यार्थी करून घेतो आणि पुढे जातो. ॲरेसारखी दिसणारी, ॲरेसारखीच मोजली जाणारी ही यादी ॲरे का नाही, हा प्रश्न मात्र तिथेच राहतो. त्याचे उत्तर तांत्रिक कमी आणि ऐतिहासिक जास्त आहे. १९९५ साली घाईत घेतलेले निर्णय, १९९८ सालच्या एका समितीची तत्त्वनिष्ठा, २००५ नंतरच्या तरुण प्रोग्रामरांचे जुगाड आणि २०१८ साली एका शब्दावरून उठलेला गदारोळ, हे सगळे त्या एका त्रुटीसंदेशामागे उभे आहे.

ज्यांचा प्रोग्रामिंगशी संबंध नाही त्यांनी इथेच पान बंद करू नये. ही गोष्ट मुळात एका सामायिक जागेची आहे. जी भाषा सगळ्यांची असते, तिच्यात आपल्या सोयीची भर कुणी घालावी आणि त्या भरीचा भार पुढे कुणी वाहावा, असा तो वाद आहे.

यादी आधी, ॲरे नंतर

ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या १० दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. तिचे नाव आधी ‘मोका’, मग ‘लाइव्हस्क्रिप्ट’ आणि डिसेंबर १९९५ मध्ये ‘जावास्क्रिप्ट’ झाले. १९९६ च्या सुरुवातीला नेटस्केप नॅव्हिगेटर २.० मधून ती लोकांपर्यंत पोहोचली. तिच्याकडून फार अपेक्षा नव्हत्या. फॉर्ममध्ये नाव रिकामे सोडले का, आकड्याच्या जागी अक्षर टाकले का, एवढे सर्व्हरकडे न जाता तपासता आले की पुरे. त्यासाठी पानावरच्या फॉर्मांपर्यंत हात पोहोचायला हवा होता. म्हणून ‘डॉक्युमेंट’ या ऑब्जेक्टला फॉर्म्स, लिंक्स आणि अँकर्स अशा याद्या जोडल्या गेल्या. नेटस्केपच्या कागदपत्रांत त्यांना ॲरेच म्हटले जाई.

गंमत अशी की त्या आवृत्तीत प्रोग्रामरला वापरता येईल असा अधिकृत ‘ॲरे’ नव्हताच. स्वतःची यादी हवी असेल तर रिकामा ऑब्जेक्ट घ्यायचा, त्यात क्रमांक घालायचे आणि लांबी हाताने लिहायची. त्यासाठीचे छोटे फंक्शन लोक एकमेकांच्या पानांवरून उचलत. खरा ‘ॲरे’ आला तो ऑगस्ट १९९६ मध्ये, नॅव्हिगेटर ३.० सोबत. म्हणजे वयाने पाहिले तर पानावरच्या एलिमेंटांची यादी थोरली आणि ॲरे धाकटा. पुढे धाकटा शिकला, नोकरीला लागला, घर चालवू लागला. थोरली मात्र होती तिथेच राहिली. ‘स्लाइस’, ‘पुश’, ‘स्प्लाइस’ या मेथड नॅव्हिगेटर ४ मध्ये ॲरेला मिळाल्या, फॉर्मांच्या यादीला नाही.

याच काळात मायक्रोसॉफ्ट मैदानात उतरली. इंटरनेट एक्सप्लोरर ३ मध्ये ‘जेस्क्रिप्ट’ आली आणि १९९७ सालच्या चौथ्या आवृत्तीत ‘डॉक्युमेंट.ऑल’ नावाची यादी आली. तिच्यात पानावरचे प्रत्येक एलिमेंट होते. नेटस्केपने तेव्हाच ‘डॉक्युमेंट.लेअर्स’ आणले. एकाच पानाचे दोन वेगळे कोड लिहिल्याशिवाय दोन्हीकडे चालत नसे. त्या ‘ऑल’चे भूत आजही उतरलेले नाही. आजच्या ब्राऊजरांत ही यादी आहे, तिच्यातून एलिमेंट मिळतात, पण तिचा प्रकार विचारला तर ‘अनडिफाइन्ड’ असे उत्तर येते. कारण ‘ऑल’ आहे का, हे विचारून जुनी पाने समोर इंटरनेट एक्सप्लोरर आहे की नाही ते ओळखत. त्या पानांची समजूत राहावी म्हणून भाषेच्या नियमालाच अधिकृत मुरड घातली गेली. इतका मान फार थोड्या निरुपयोगी वस्तूंना मिळतो.

जावा नजरेसमोर ठेवून

या भांडणावर तोडगा म्हणून वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियमने ‘डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल’ म्हणजे डॉम हे प्रमाणक तयार केले. त्याची पहिली पातळी १ ऑक्टोबर १९९८ रोजी जाहीर झाली. नोडलिस्ट आणि एचटीएमएलकलेक्शन ही दोन नावे तिथली.

समितीने एक तत्त्व पाळले होते. डॉम कुठल्याही एका भाषेचे असू नये. तो जावातून वापरता यावा, जावास्क्रिप्टमधून यावा, उद्या आणखी कुठली भाषा आली तर तिच्यातूनही यावा. म्हणून त्याची व्याख्या कोणत्याही प्रोग्रामिंग भाषेत न लिहिता आयडीएल नावाच्या तटस्थ लिपीत केली गेली आणि परिशिष्टात जावा व एक्मास्क्रिप्ट या दोघींसाठीची रूपे दिली गेली. आता तटस्थ लिपीत जावास्क्रिप्टचा ॲरे कसा बसणार? जावाच्या ॲरेचे वागणे वेगळे, जावास्क्रिप्टच्या ॲरेचे वेगळे. मग दोघींना परवडेल असा लघुत्तम साधारण विभाजक काढला गेला. यादीला लांबी असेल आणि ‘आयटम’ नावाची एक मेथड असेल. क्रमांक द्या, एलिमेंट घ्या. बस.

त्या तत्त्वाबद्दल मला आदर आहे, पण हिशेब तोट्यातच गेला असे माझे मत आहे. ब्राऊजरमध्ये डॉम वापरणाऱ्यांत जावास्क्रिप्टवाल्यांचे प्रमाण इतके प्रचंड होते की उरलेल्यांच्या सोयीसाठी सगळ्यांना उपाशी ठेवल्यासारखे झाले. जावावाल्यांनाही हा डॉम कधी आपलासा वाटला नाही. त्यांनी पुढे एक्सएमएलसाठी जेडॉमसारखी स्वतःची साधने काढली. सगळ्यांचे व्हायला गेलेले कुणाचेच न होण्याची ही तऱ्हा आपल्याला इतर क्षेत्रांतही ठाऊक आहे.

दुसरा निर्णय अधिक खोल होता. या याद्या ‘जिवंत’ ठेवल्या गेल्या. हजेरीपट आणि वर्गाची खिडकी यांतला फरक घ्या. हजेरीपट सकाळी भरला की दिवसभर तोच राहतो. खिडकीतून पाहिले तर त्या क्षणी वर्गात जे आहेत तेच दिसतात. नोडलिस्ट ही खिडकी होती. तुम्ही यादी मागितली, नंतर पानावर नवा परिच्छेद आला, तर तो तुमच्या जुन्या यादीतही आपोआप दिसू लागतो.

ऐकायला छान वाटते. आता त्या खिडकीतून पाहत एकेकाला बाहेर काढायला जा. समजा पाच ओळी आहेत: अ, ब, क, ड, इ. शून्य क्रमांकाची ओळ काढली, ‘अ’ गेली. उरलेल्या सगळ्या एक घर पुढे सरकल्या. लूप आता एक क्रमांकावर आला, तर तिथे ‘ब’ नाही, ‘क’ उभी आहे. ती गेली. मग ‘इ’ गेली. लूप संपला आणि ‘ब’, ‘ड’ पानावर तशाच. नवशिक्याला वाटते ब्राऊजर बिघडला. उलटे केले तर आणखी वाईट: प्रत्येक चौकटीमागे एक नवी चौकट जोडत जा, यादी प्रत्येक फेरीत लांबत जाते आणि लूप कधी संपतच नाही. जुने लोक म्हणून शेवटापासून उलटे मोजत यायचे किंवा यादीची एक साधी प्रत ॲरेत काढून मगच कामाला लागायचे. यादीला ॲरे करण्याची गरज केवळ ‘मॅप’ हवा म्हणून नव्हती. हातातली वस्तू हलू नये, ही त्यामागची मोठी निकड होती.

शेजारणीचा पाटा-वरवंटा

डिसेंबर १९९९ च्या एक्मास्क्रिप्ट तिसऱ्या आवृत्तीत एक वाट मोकळी होती. ॲरेच्या मेथड मुद्दाम उदार ठेवल्या होत्या. ‘स्लाइस’ समोरच्याला तू ॲरे आहेस का, असे विचारत नाही. ती फक्त लांबी पाहते आणि क्रमांकांवरून हात फिरवते. आणि ‘कॉल’ या सोयीमुळे एकाची मेथड दुसऱ्यावर चालवता येते. म्हणजे शेजारणीचा पाटा-वरवंटा आणून आपले वाटण वाटून घ्यायचे. ॲरेच्या प्रोटोटाइपवरची ‘स्लाइस’ उचलायची, ‘कॉल’ने ती नोडलिस्टवर चालवायची, हातात खराखुरा ॲरे. कितीतरी वर्षे हाच एक ओळीचा मंत्र जगभर पाठ केला जात होता.

पण प्रमाणकात त्याच ठिकाणी एक पळवाटही होती. ब्राऊजरने बाहेरून पुरवलेल्या, म्हणजे ‘होस्ट’ ऑब्जेक्टांवर या मेथड चालतील की नाही, हे ज्याच्या त्याच्या अंमलबजावणीवर सोडले होते. नोडलिस्ट नेमकी होस्ट ऑब्जेक्ट! फायरफॉक्स, सफारी, ऑपेरात मंत्र चालला. इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत तो आपटत राहिला, ‘जेस्क्रिप्ट ऑब्जेक्ट हवे होते’ अशी तक्रार करत. आणि त्या काळी बहुसंख्य वाचक तिथेच होते. मार्च २०११ मध्ये नववी आवृत्ती आली तेव्हा कुठे हा अडथळा हटला.

त्यामुळे प्रत्येक लायब्ररीत एक छोटी परीक्षा असे. जेक्वेरीच्या पोटातल्या ‘सिझल’ या निवड-यंत्रात ती वाचायला मिळते. आधी पानाच्या मूळ एलिमेंटच्या मुलांची यादी घेऊन तिच्यावर ‘स्लाइस’ चालवून बघायची. फसली तर हाताने लूप लावून ॲरे भरायचा. यात एक उपकलमही होते: मिळालेल्या ॲरेत खरोखर एलिमेंट आहेत ना, हेही तपासायचे, कारण ब्लॅकबेरीचा ब्राऊजर तक्रार न करता भलतेच काही हाती देत असे. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररचा आणखी एक किस्सा म्हणजे पानावर ‘लेंग्थ’ अशी ओळख दिलेले एखादे एलिमेंट असले की यादीची लांबी विचारल्यावर आकड्याऐवजी ते एलिमेंटच येई. कापडाच्या दुकानाने फॉर्ममध्ये लांबीचा रकाना ठेवला की लूपची वाट लागलीच. यासाठीही सिझलमध्ये सोय होती. लांबी आकडा नसेल तर जोवर काही सापडते तोवर पुढे मोजत जायचे.

या चिवट, कंटाळवाण्या कामाला इतिहासात फारसे कुणी मोजत नाही. माझ्या दृष्टीने २००० ते २०१० या दशकातले वेब याच माणसांनी उभे ठेवले.

तीन लायब्रऱ्या, तीन स्वभाव

फेब्रुवारी २००५ च्या सुमारास सॅम स्टीफनसन यांची ‘प्रोटोटाइप’ ही लायब्ररी रुबी ऑन रेल्सच्या सोबतीने आली. तिचा स्वभाव मोकळाढाकळा. भाषेत काही कमी आहे? मग भाषेतच घाला. तिने सगळ्या ॲरेंच्या सामायिक प्रोटोटाइपवर ‘ईच’, ‘कलेक्ट’ यांसारख्या रुबी वळणाच्या मेथड बसवल्या. एलिमेंटांची यादी ॲरे करायला डॉलर-ए नावाचे दोन अक्षरी फंक्शन दिले. लिहायला इतके सुखाचे की लोक हरखून गेले. फायरफॉक्स १.५ मध्ये, नोव्हेंबर २००५ ला, ‘फॉरईच’, ‘मॅप’, ‘फिल्टर’ ब्राऊजरमध्येच आले, पण इंटरनेट एक्सप्लोररकडे ते नव्हते आणि लोकांनी लायब्ररीचेच धरून ठेवले.

या मोकळेपणाची किंमत २००८ मध्ये कळली. प्रोटोटाइपने ‘डॉक्युमेंट’वर ‘गेटएलिमेंट्सबायक्लासनेम’ अशी मेथड आधीच बसवली होती. ती ॲरे देई, त्यावर लगेच ‘ईच’ लावता येई. मग ब्राऊजरांनी हेच नाव प्रमाणक म्हणून स्वीकारले. सफारी ३.१ आणि फायरफॉक्स ३ मध्ये ही मेथड मुळातच आली. नाव तेच, काम तेच, पण परत येणारी वस्तू नोडलिस्ट, तीही जिवंत, ‘ईच’ नसलेली. प्रोटोटाइपच्या कर्त्यांना आपलीच लोकप्रिय मेथड कालबाह्य ठरवून लोकांना दुसरीकडे वळवावे लागले. त्याच चमूतल्या एका सदस्याने २०१० मध्ये डॉमला भर घालण्यात काय चूक आहे, यावर सविस्तर लिहिले. आपल्याच घराच्या पायाबद्दल इतक्या स्वच्छपणे लिहिणारे कमी असतात.

जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये आणलेल्या जेक्वेरीने दुसरा रस्ता धरला. परक्याच्या घरात काही ठेवायचे नाही. तिने स्वतःचा ऑब्जेक्ट केला, त्यात एलिमेंट शून्य-एक-दोन असे क्रमांकांवर ठेवले, लांबी ठेवली आणि आपल्या मेथड आपल्याच प्रोटोटाइपवर टांगल्या. आतून मात्र ती ॲरेची ‘पुश’ उसनी घेऊनच एलिमेंट भरत असे. जेक्वेरीची यादीही ॲरे नव्हती, फक्त नोडलिस्टपेक्षा मनमिळाऊ होती. एक खटकणारी गोष्ट राहिली. तिच्या ‘ईच’ आणि ‘मॅप’मध्ये आधी क्रमांक येतो, मग एलिमेंट. भाषेतल्या ‘फॉरईच’मध्ये नेमके उलट. दोन्हीकडे काम करणाऱ्यांची बोटे आजही अडखळतात.

तिसरी ‘मूटूल्स’, वालेरिओ प्रोएत्ती यांची, तीही २००६ ची. ती वळणाने प्रोटोटाइपची चुलत बहीण. ॲरेला ‘कंटेन्स’, ‘फ्लॅटन’ अशा मेथड तिने जोडल्या आणि पानावरच्या एलिमेंटांसाठी ‘एलिमेंट्स’ नावाचा आपला प्रकार केला. ॲरेवर जे जे मूटूल्सने टांगले ते ‘एलिमेंट्स’वरही मिळावे, म्हणून ॲरेच्या प्रोटोटाइपवर एक लूप फिरवून दिसेल ती मेथड उचलून तिकडे ठेवली. ही एक साधीशी ओळ लक्षात ठेवा.

दुसऱ्या खोलीतला ॲरे

काहींना यापेक्षा पुढे जायचे होते. ॲरेचा खरा वंशज हवा होता, ज्याला आपल्या मेथड असतील, पण सगळ्या ॲरेंना त्याची झळ लागणार नाही. तेव्हाच्या भाषेत ते होत नसे. वंशज केला तरी लांबीचे मूळ गुण त्यात उतरत नसत. शेवटी एलिमेंट घातले तरी लांबी जुनीच राही.

डीन एडवर्ड्स यांनी २००६ मध्ये एक अफलातून युक्ती मांडली. पानात एक अदृश्य आयफ्रेम उघडायची. प्रत्येक फ्रेमचे स्वतःचे विश्व असते, स्वतःचा वेगळा ‘ॲरे’ असतो. तो तिथून चोरून आणायचा आणि हवे ते त्याला शिकवायचे. आपल्या पानाचा ॲरे निष्कलंक राहतो. पुढे २०१० च्या ‘झेप्टो’ या मोबाईलसाठीच्या लहान लायब्ररीने आणखी सरळ वार केला. साधा ॲरे घ्यायचा आणि त्याची वंशसाखळी ऐनवेळी बदलून आपल्याकडे वळवायची. इंटरनेट एक्सप्लोररला दहाव्या आवृत्तीपर्यंत ही सोयच नव्हती, म्हणून झेप्टो तिकडे फिरकली नाही. आयफोन-अँड्रॉइडवर मात्र तिने काही वर्षे राज्य केले.

दरम्यान ‘क्वेरीसिलेक्टरऑल’ आले. सीएसएसच्या भाषेत एलिमेंट मागवायची ही सोय सफारी ३.१, इंटरनेट एक्सप्लोरर ८, फायरफॉक्स ३.५ यांच्यात २००८-०९ मध्ये पोहोचली. इथे यादी जिवंत न ठेवता गोठलेली द्यायचे ठरले, हा मोठा शहाणपणा. मात्र तिला ‘नोडलिस्ट’ हेच जुने नाव दिले. आजही एखाद्या एलिमेंटची मुले मागितली तर जिवंत नोडलिस्ट येते आणि क्वेरीने मागितली तर गोठलेली नोडलिस्ट येते. प्रकाराचे नाव एक, स्वभाव दोन. त्याच वेळी सरळ ॲरे दिला असता तर? कोरी पाटी होती, जुने कुणी मोडणार नव्हते. या इतिहासातली सर्वांत मोठी हुकलेली संधी मी याच निर्णयाला मानतो.

नंतर प्रयत्न झाले. नोडलिस्टच्या वंशसाखळीत ॲरेचा प्रोटोटाइप जोडण्याची खूण प्रमाणकांच्या भाषेत आली. ॲरेपासून उतरलेला ‘एलिमेंट्स’ नावाचा नवा प्रकारही डॉमच्या प्रमाणकात काही काळ लिहिलेला होता. तो कुठल्याच ब्राऊजरने उतरवला नाही आणि मजकूर काढून टाकण्यात आला. तोवर लाखो पाने समोरची वस्तू ॲरे आहे का, हे विचारून वेगवेगळ्या वाटांनी जाणारी झाली होती. त्या प्रश्नाचे उत्तर एकाएकी बदलणे म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या रातोरात फिरवण्यासारखे होते.

एका शब्दाची किंमत

२०१४ मध्ये भाषेच्या समितीला, म्हणजे टीसी३९ ला, ॲरेमध्ये अमुक वस्तू आहे का हे सांगणारी ‘कंटेन्स’ मेथड द्यायची होती. फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती आली आणि मूटूल्स वापरणारी पाने मोडू लागली. समितीने माघार घेऊन ‘इन्क्लूड्स’ हे नाव घेतले. फारसा आवाज झाला नाही.

मार्च २०१८ मध्ये झाला. आता मेथड होती ‘फ्लॅटन’, ॲरेच्या आतले ॲरे सपाट करणारी. फायरफॉक्स नाइटलीत ती येताच किमान एक लोकप्रिय संकेतस्थळ मोडले. कारण वरची ती एक साधी ओळ. मूटूल्स आपली ‘फ्लॅटन’ ॲरेवर टांगते आणि मग लूप फिरवून ‘एलिमेंट्स’वर नेते. लूपला फक्त मोजता येण्याजोग्या मेथड दिसतात. भाषेच्या स्वतःच्या मेथड त्याच्यापासून झाकलेल्या असतात. ‘फ्लॅटन’ नाव भाषेनेच घेतल्यावर मूटूल्सने तिथे आपली मेथड ठेवली खरी, पण जागा झाकलेलीच राहिली, कारण झाकलेल्या जागेवर नवे काही ठेवले तरी झाकण निघत नाही. लूप तिथून न बघता पुढे गेला. ‘एलिमेंट्स’कडे ‘फ्लॅटन’ पोहोचलीच नाही. ज्या पानाने ती वापरली होती, ते पडले.

पानावरच्या एलिमेंटांच्या यादीला ॲरेसारखे वागवण्यासाठी १० वर्षांपूर्वी लिहिलेली एक सोय, आणि तिच्यापुढे जगभरच्या भाषेचे अडलेले पाऊल!

प्रस्तावाचे एक कर्ते मायकेल फिकारा यांनी उपरोधाने सुचवले की ‘फ्लॅटन’ऐवजी ‘स्मूश’ म्हणू या. लोकांनी ते खरे मानले आणि ‘स्मूशगेट’ नावाचा कल्लोळ उठला. एक गट म्हणाला, मोडू द्या ती जुनी पाने, मेलेल्या लायब्ररीसाठी नव्या पिढीने भिकार नाव का सोसावे? दुसरा गट म्हणाला, वेब मोडायचे नाही म्हणजे नाही.

माझा कल दुसऱ्या गटाकडे आहे आणि तो भावनेपोटी नाही. जे पान मोडते त्याचा वाचक मूटूल्सचे नावही जाणत नाही. पान बनवणारा कधीच दुसऱ्या कामाला लागलेला असतो, कधी हयातही नसतो. एखाद्या तालुक्याच्या वाचनालयाने पैसे देऊन बनवून घेतलेली ग्रंथसूची, एखाद्या निवृत्त शिक्षकाने जमवलेली गावाची कागदपत्रे, अशी पाने कुणी दुरुस्त करायला बसलेले नसते. ब्राऊजर नवा झाला आणि पान बंद पडले, तर वाचकाच्या लेखी ते जळालेच. चांगल्या नावाचा हट्ट आणि अशी पाने यांत तोल करायचा तर नाव हलके पडते. शिवाय पहिल्या गटाचा युक्तिवाद मान्य केला तर उद्या प्रत्येक ब्राऊजर कंपनी कुणाची पाने ‘मेलेली’ आहेत हे स्वतः ठरवील, आणि त्या यादीत छोट्या भाषांतली, छोट्या माणसांची पाने आधी येतील. मात्र मूटूल्सवाल्यांना खलनायक ठरवणेही पटत नाही. २००६ मध्ये भाषा थिजलेली होती, एक्सप्लोररची सहावी आवृत्ती सगळीकडे पसरलेली होती, आणि सामायिक जागेत भर घातली नसती तर लोकांचे काम अडले असते. त्यांनी विहिरीवर आपला रहाट बसवला. पुढे तिथे सरकारी पंप येईल, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

मे २०१८ च्या बैठकीत समितीने ‘फ्लॅट’ हे नाव पक्के केले. ते २०१९ च्या आवृत्तीत आले आणि सगळे शांत झाले.

आज यादी कुठे आहे

खरी सुटका वेगळ्याच दाराने झाली. जून २०१५ च्या एक्मास्क्रिप्टमध्ये ‘ॲरे.फ्रॉम’ आले, तीन टिंबांचा स्प्रेड आला, ‘फॉर-ऑफ’ आले आणि त्यांच्याखाली क्रमाने मोजून देण्याचा एक करार आला. तू ॲरे आहेस का, हे विचारायचेच नाही. तुला एकेक करून देता येते का, एवढेच विचारायचे. नोडलिस्टने हा करार स्वीकारला आणि २०१६ मध्ये क्रोम ५१, सफारी १०, फायरफॉक्स ५० यांच्यात तिला स्वतःची ‘फॉरईच’सुद्धा मिळाली. ‘मॅप’ आणि ‘फिल्टर’ मिळाल्या नाहीत. त्यांच्यासाठी आजही ॲरे करून घ्यावे लागते. मी स्वतः स्प्रेडपेक्षा ‘ॲरे.फ्रॉम’ लिहितो. चार अक्षरे जास्त पडतात, पण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला इथे रूपांतर चालले आहे हे लगेच कळते.

बूटस्ट्रॅपने पाचव्या आवृत्तीत, २०२१ मध्ये, जेक्वेरी सोडली, तेव्हा क्वेरीचा निकाल ॲरे करायला त्यांनी रिकाम्या ॲरेच्या ‘कॉनकॅट’मध्ये सगळी यादी स्प्रेडने ओतली. म्हणजे पाटा-वरवंटा अजून शेजारणीकडूनच येतो, फक्त आता कुरकुर होत नाही. इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला यातले काहीच येत नव्हते. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला निरोप दिल्यावर उरलेली पॅबंदेही गळून पडली.

एचटीएमएलकलेक्शनच्या वाट्याला मात्र तेवढेही आले नाही. तिच्यावर ‘फॉर-ऑफ’ चालते, ‘फॉरईच’ नाही. टॅगच्या नावाने एलिमेंट मागवणारी मेथड पूर्वी कागदोपत्री नोडलिस्ट देई, आताच्या प्रमाणकात ती एचटीएमएलकलेक्शन देते, त्यामुळे जुने उदाहरण पाहून शिकणाऱ्याचा गोंधळ दुप्पट होतो. डॉमच्या चालू प्रमाणकात या प्रकाराला इतिहासाचा असा अवशेष म्हटले आहे ज्यापासून वेबची सुटका नाही, आणि नव्या सोयी घडवणाऱ्यांनी तो वापरू नये असे बजावले आहे. १९९६ सालची ‘डॉक्युमेंट.फॉर्म्स’ आजच्या प्रत्येक ब्राऊजरमध्ये याच प्रकाराची आहे. ती अजून जिवंत आहे, पानावर नवा फॉर्म आला की तिची लांबी आपोआप एकने वाढते.